धाकट्याचं कार्ड

आमच्या कारखान्यात पाण्याचे पंप बनतात, आणि त्या पंपांहून जास्त आवाज करणारी साडेचारशे माणसं तिथे काम करतात. त्या सगळ्यांची ओळखपत्रं मी बनवते. टाइम ऑफिसच्या खिडकीमागे माझी खोली आहे. भिंतीवर निळा पडदा, त्याच्यापुढे एक स्टूल, टेबलावर कॅमेरा, कॉम्प्युटर आणि लॅमिनेशनचं मशीन. फोटो मीच काढते म्हणून मोठ्या साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे मला फोटोताई म्हणतात. हसू नका म्हटलं की हसतात, हसा म्हटलं की मयताला आल्यासारखी तोंडं करतात. मी फटकळ आहे, तसं तोंडावर सांगते.

कार्डावर नाव, खातं, नंबर, घरचा फोन आणि तळाशी लाल अक्षरांत रक्तगट असतो. हा रक्तगट पूर्वी नव्हता. नऊ वर्षांपूर्वी लेथवरच्या एका माणसाचा हात कोपरापर्यंत फाटला, आणि त्याला कोणतं रक्त चालेल हे कुणाला सांगता येईना. तो वाचला, पण मोठ्या साहेबांनी हुकूम काढला, की आठ दिवसांत प्रत्येकाच्या कार्डावर रक्तगट पाहिजे. हॉस्पिटलची माणसं आली आणि कँटीनमध्ये टेबल मांडून बसली. रांगा लागल्या.

माझा धाकटा भाऊ त्याच कारखान्यात, जोडणी खात्यात. आमच्यात अकरा वर्षांचं अंतर. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि मी सतरा. वडील त्याआधीच गेलेले. मी त्याला तळहातावरच्या फोडासारखं जपलं, आणि तो वाढलाही चांगला आडदांड. दोघांनी उचलायचा पंप हा एकटा उचलतो. पण सुई दिसली की याचे पाय लटपटतात. शाळेत लस टोचायला आले होते तेव्हा हा पाण्याच्या टाकीमागे लपून बसला होता, आणि मी मास्तरांना बिनदिक्कत सांगितलं होतं, की याला टोचून झालंय.

कँटीनच्या त्या दिवशी तो माझ्या खिडकीशी आला. कपाळावर घाम.

"ताई, काहीतरी कर ना."

"अरे, बोटाला एकदा टोचतात. मुंगी चावते तेवढं."

"मुंगी मला दिसत नाही. सुई दिसते."

मला हसू आलं आणि दयाही आली. मी म्हटलं, जा कामाला, बघते. संध्याकाळी त्याचं कार्ड करायला घेतलं आणि रक्तगटाच्या रकान्यात माझा स्वतःचा टाकला. ओ निगेटिव्ह. मी वर्षातून दोनदा रक्त देते, त्यामुळे रक्तातलं आपल्याला बरंच कळतं असा माझा समज होता. ओ निगेटिव्ह रक्त कुणालाही चालतं हे मला ठाऊक होतं. म्हणजे उद्या याला काही लागलंखुपलं आणि कार्ड बघून कुणी ओ निगेटिव्ह चढवलं, तरी याला काही होणार नाही. अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली बाई मी. मला वाटलं, केवढी हुशारी केली. शिवाय सख्खा भाऊ. एकाच आईबापाचे आम्ही, रक्त असून असून किती वेगळं असणार?

दुसऱ्या कुणाच्याही कार्डात मी कधी असं केलेलं नाही. कागद नसेल तर साहेबांच्या मेव्हण्यालासुद्धा परत पाठवलंय. ही मेहेरबानी फक्त घरच्या माणसावर.

"केलं बघ तुझं काम," मी त्याला म्हटलं. "तुझे जुने कागद सापडले, त्यात रक्तगट होता."

कुठले कागद, कधीचे, त्याने काही विचारलं नाही. ताई म्हणाली म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्याने कार्ड गळ्यात घातलं आणि शीळ घालत गेला.

तीन वर्षांनी त्याचं लग्न झालं. मुलगी चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला काचा घासायचं काम करायची. माझ्या चष्म्याची दांडी एका महिन्यात तीनदा सैल झाली आणि तिन्ही वेळा हा स्वतः दुरुस्त करून आणायला गेला, तेव्हाच मला कळायला हवं होतं. तिला स्वतःला चष्मा नव्हता, तरी मी तिला चष्मेवाली म्हणायची आणि ती "काय फोटोताई" म्हणून उत्तर द्यायची. भावजय असावी तर अशी. कामात चोख, बोलायला मोकळी, आणि माझ्यावर भारी विश्वास. दुकानात गिऱ्हाइकाचा नंबर ती दोनदा तपासायची, पण मी दिलेली वस्तू कधी उलटून बघायची नाही. "तुम्ही बघितलंय ना, मग झालं," असं म्हणायची.

तिला दिवस गेले तेव्हा तिची आई आजारी होती, म्हणून डॉक्टरकडे तिच्याबरोबर आम्ही दोघं जायचो. आमच्या गल्लीच्या टोकाशी एक जुनं प्रसूतिगृह आहे. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी तिचा रिपोर्ट बघितला.

"तुमचा ए निगेटिव्ह आहे. यजमानांचा?"

धाकट्याने गळ्यातलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. डॉक्टरांनी ते नाकाशी धरून वाचलं.

"हाही निगेटिव्ह? वा. मग काळजीच मिटली. दोघं निगेटिव्ह म्हणजे मूलही निगेटिव्ह. त्या जास्तीच्या तपासण्या नकोत आणि ते बाळंतपणानंतरचं इंजेक्शनही नको." आणि त्यांनी फाइलवर लिहून टाकलं.

मी त्याच खोलीत, त्याच टेबलाशी बसले होते. कार्ड माझ्यापासून वीतभर अंतरावर होतं. त्या क्षणी मी काय बघितलं सांगू? कोपऱ्यात लॅमिनेशनला फुगा आला होता. माझ्या हातचं काम आणि फुगा! मला लाज वाटली. त्याच आठवड्यात मी त्याला नवीन कार्ड करून दिलं, रक्तगटासकट जसंच्या तसं. तीन वर्षांपूर्वी आपण तिथे काय टाइप केलं होतं, ते मला आठवलंसुद्धा नाही. यावर कुणी विश्वास ठेवला नाही तरी चालेल, पण ते खरं आहे.

मुलगी झाली. ठणठणीत. दोन दिवस जरा पिवळी होती, तिला दिव्याखाली ठेवलं, मग गेली कावीळ. बोलायला लागल्यापासून इतकी तिखट, की तिचं नाव मिरचीच पडलं. कान मात्र बापाचे. सुपासारखे. धाकटा तिला खांद्यावर घेऊन निघाला की मागून चार कान दिसायचे.

मिरची साडेचार वर्षांची असताना चष्मेवालीला पुन्हा दिवस राहिले. तेच प्रसूतिगृह, तीच फाइल. यजमान, ओ निगेटिव्ह. सहाव्या महिन्यात सोनोग्राफी करणाऱ्या बाई बोलता बोलता थांबल्या आणि मशीन पोटावर एकाच जागी फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, मोठ्या हॉस्पिटलात जा, आजच जा.

तो शुक्रवार होता. मिरचीला कुठे ठेवायला वेळ नव्हता, तीही बरोबर आली. मोठ्या हॉस्पिटलातली डॉक्टर बुटकी, भरभर बोलणारी; पण आम्हाला सांगताना तिने वेग कमी केला.

"बाळाच्या पोटात पाणी झालंय. अंगावर सूज आहे. बाळाला रक्त फार कमी आहे. तुमच्या रक्ताच्या तपासणीवरून कारणही कळतंय. तुमचं रक्त निगेटिव्ह आहे आणि बाळाचं पॉझिटिव्ह. पहिल्या बाळंतपणात बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. आईच्या शरीराला ते परकं वाटतं आणि त्याच्याशी लढायची तयारी ते करून ठेवतं. पहिलं मूल तोवर बाहेर आलेलं असतं, ते सुटतं. दुसऱ्याच्या वेळी मात्र ती तयारी कामाला लागते. आईचं रक्त बाळाच्या रक्तातल्या लाल पेशी फोडत राहतं."

चष्मेवालीने दोन्ही हात पोटावर ठेवले. "म्हणजे मीच करतेय हे?"

"तुम्ही नाही. हे तुमच्या हातात नसतं," डॉक्टर म्हणाली. मग तिने फाइल चाळली आणि तिच्या कपाळावर आठी पडली. "पण इथे यजमानही निगेटिव्ह लिहिलंय."

धाकट्याने कार्ड पुढे केलं. आणि त्या कार्डावरच्या लाल अक्षरांकडे बघताना मला सगळं एकदम आठवलं. कँटीन, रांग, त्याच्या कपाळावरचा घाम, की-बोर्डवरची माझी बोटं. मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"मोठ्या मुलीचा रक्तगट बघून घेऊ," डॉक्टर म्हणाली.

मिरचीच्या बोटाला टोचलं. तिने हॉस्पिटल डोक्यावर घेतलं, आणि मग एका बोटाला पट्टी लावली तर बाकीच्या नऊ बोटांनाही पाहिजे म्हणून हट्ट धरला. अर्ध्या तासाने धाकटा आणि मी रिपोर्ट आणायला खाली गेलो. रक्तपेढीतला माणूस केस पिकलेला, शर्टाच्या खिशात चार पेनं. त्याने रिपोर्टवर सही करताना कागदावरचे तिन्ही गट वाचले, स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "आईबाप दोघं निगेटिव्ह आणि पोर पॉझिटिव्ह? असं कसं होईल?" मग वर बघितलं, खिडकीपलीकडे कोण उभं आहे ते त्याच्या लक्षात आलं, आणि त्याने जीभ चावली.

वर डॉक्टर म्हणाली, "यजमानांचा पुन्हा तपासून टाकू. चुका होतात."

"चूक कशी होईल?" धाकटा म्हणाला. "कार्ड ताईने केलंय."

हे तो छाती पुढे काढून म्हणाला. आणि म्हणता म्हणताच त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग त्याच्या डोक्यात शिरला. कार्ड चुकीचं नसेल, तर मग चूक कुणाची? त्याने बायकोकडे बघितलं. फार तर दोन क्षण. मी त्याला सहा वर्षांचा असल्यापासून ओळखते. असं बघताना मी त्याला कधीच पाहिलं नव्हतं. ती पोटावर हात ठेवून सोनोग्राफीच्या कागदाकडे बघत होती. तिला काही कळलं नाही असं मला तेव्हा वाटलं.

बोलायची वेळ ती होती. एक वाक्य पुरलं असतं. नऊ वर्षांपूर्वी मी तुझ्या नावापुढे माझा गट लिहिला रे. बस. पण मी मूग गिळून उभी राहिले. कारखान्यात भल्याभल्यांना झापणारी बाई मी. तो म्हणाला, माझं रक्त सोमवारी बघू. डॉक्टरला वाटलं सुईला घाबरतोय. तो सुईला घाबरत नव्हता.

चष्मेवालीला दाखल करून घेतलं. बाळाला पोटातच रक्त द्यावं लागणार होतं. आईच्या पोटातून बारीक सुई घालून बाळाच्या नाळेत. त्यासाठी ओ निगेटिव्ह हवं, ताजं हवं. मी लगेच हात वर केला. सोमवारी सकाळी या, असं सांगितलं. शनिवार आणि रविवार मिरची माझ्याकडे राहिली.

रविवारी दुपारी धाकटा आला. हॉस्पिटलात किती वेळ होतास विचारलं तर म्हणाला, डबा देऊन आलो. मिरची जमिनीवर पालथी पडून चित्र काढत होती. तो तिच्याकडे बघत खुर्चीत बसला. तिच्या कानांकडे बघत होता, मला दिसत होतं. सुपासारखे कान समोर असताना तो माणूस मनात हिशोब जुळवत बसला होता, आणि ही वेळ त्याच्यावर मी आणली होती.

"ताई," तो खाली बघतच म्हणाला, "कार्डावरचं बरोबर आहे ना गं?"

तोंडावर विचारलं. तो मला घाबरत नाही, माझ्यावर संशय घेत नाही. फक्त आधार मागत होता. मी नाही म्हटलं असतं तर तो रडला असता, माझ्यावर ओरडला असता, आणि धावत बायकोकडे गेला असता.

"असेलच की," मी म्हटलं. "जुन्या कागदांवरूनच केलं होतं."

त्याने मान हलवली. मिरचीने काढलेलं चित्र त्याला दाखवलं, तो छान म्हणाला आणि उठला. हॉस्पिटलात जातोस का, मी विचारलं. तो म्हणाला, बघतो.

का केलं मी असं? पुष्कळ विचार केलाय मी यावर. नोकरी जाईल ही भीती नव्हती. भीती एवढीच होती, की ज्या एका माणसाच्या डोळ्यांत मी कधी चुकत नाही, त्याच्या डोळ्यांतून उतरेन. त्यासाठी मी त्याच्या बायकोला त्याच्या नजरेतून उतरू दिलं. चांगल्या शब्दांत सांगता येईल असं काही त्यात नाही.

सोमवारी सकाळी मी रक्त द्यायला गेले. तोच चार पेनांचा माणूस. मी माझं रक्तदात्याचं कार्ड पुढे केलं. बारा वर्षांच्या नोंदी, सगळीकडे ओ निगेटिव्ह. त्याने ते बाजूला सारलं आणि माझं बोट पुसलं.

"कार्डावर आहे की," मी म्हटलं.

"असू दे, बाई. कार्ड कुणीही लिहितं. थेंब बघितल्याशिवाय मी नाव लिहीत नाही. पस्तीस वर्षं झाली."

त्याने पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर माझ्या रक्ताचे थेंब ठेवले, त्यात बाटल्यांतले थेंब मिसळले, तुकडा हळूहळू हलवत उजेडाला धरला, आणि मगच चारांतलं एक पेन काढलं. एवढंसं काम. कँटीनमध्येही एवढंच होतं. मी नळी लागलेल्या हाताने रबरी चेंडू दाबत पडून राहिले आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्याला वाटलं दुखतंय.

दंडाला कापसाचा बोळा तसाच धरून मी वर गेले. धाकटा वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसला होता, आत नाही. मी त्याची बाही धरली, लहानपणी धरायचे तशी, आणि त्याला तिच्या खाटेपाशी नेलं. दोघांना एकदमच सांगायचं होतं. एकाला आधी सांगितलं असतं तर मी पुन्हा काहीतरी सारवासारव केली असती.

"तुझा रक्तगट कधी तपासलाच नाही," मी म्हटलं. "कागद बिगद काही सापडले नव्हते. तू सुईला घाबरलास म्हणून मी माझा लिहिला. काल तू विचारलंस तेव्हाही मला माहीत होतं."

त्याचं तोंड उघडं राहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती.

"म्हणून तू दोन दिवस इथे बसला नाहीस?" तिने विचारलं. "मला वाटलं, बाळाचं असं झालं म्हणून तुला माझ्याकडे बघवत नाही."

खाटेच्या कडेला कपाळ टेकून तो रडायला लागला, आणि तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवायला बराच वेळ लावला. पण ठेवला.

मग तो उठून स्वतः खाली गेला. मी मागोमाग गेले. त्याने हात पुढे केला आणि सुई आत जाईपर्यंत तिच्याकडे टक लावून बघत राहिला. चक्कर आली नाही. ओ पॉझिटिव्ह. चार पेनांच्या माणसाने रिपोर्ट त्याच्या हातात दिला, माझ्या नाही.

मंगळवारी दुपारी बाळाला माझं रक्त दिलं. आम्ही बाहेर होतो. डॉक्टर बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर घाम होता. म्हणाली, सगळं रक्त बाळाच्या अंगात गेलं, ठोके ठीक आहेत. सूज मात्र फार आहे, वाट बघावी लागेल. बुधवारी ठोके आणखी चांगले लागले. धाकटा खाटेजवळून हलत नव्हता. मी दारातून बघायची आणि परत फिरायची. मनात म्हणायची, घे गं बाई, लागेल तेवढं घे, आत्याकडे पुष्कळ आहे. मुलगी आहे हे एव्हाना कळलं होतं.

गुरुवारी सकाळी नर्सला ठोके सापडले नाहीत. तिने यंत्र पुसलं, पुन्हा लावलं. मग दुसरं यंत्र आणलं. मग डॉक्टर आली.

शुक्रवारी ती जन्मली. ओंजळीहून थोडी मोठी. नर्सने तिला पांढऱ्या कापडात गुंडाळलं, आधी तिच्या आईकडे दिलं, मग बापाकडे. बराच वेळ ती त्या दोघांकडे होती. मग धाकट्याने तिला माझ्या हातात दिलं. तिचे कान बघायला मी कापड जरा सारलं. होय, तेच कान. मी तिला धरून भिंतीशी उभी राहिले. आत्याच्या हातात भाचीने कसं रडायला हवं, हातपाय झाडायला हवेत. डॉक्टरने मला नंतर सांगितलं, की तिच्या अंगात शेवटी निम्म्याहून जास्त रक्त माझंच होतं.

"पहिल्या वेळीच माहीत असतं तर?" मी डॉक्टरला विचारलं. खोटं सांगेल अशी आशा होती बहुतेक.

"दिवस असताना एक इंजेक्शन आणि बाळंतपणानंतर तीन दिवसांच्या आत एक," ती म्हणाली. "बहुतेक वेळा तेवढ्याने हे टळतं. पण कार्ड बघून थांबायला नको होतं. त्यांनीही तपासायला हवं होतं." हे ती माझं ओझं हलकं करायला म्हणाली असेल. झालं नाही.

कारखान्यात मी मोठ्या साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी झापलं, लेखी ताकीद दिली आणि काम माझ्याकडेच ठेवलं. म्हणाले, आता या कामात तुमच्याइतकं सावध कुणी असणार नाही. धाकट्याचं जुनं कार्ड मी कात्रीने कापलं. दोनदा लॅमिनेट केल्यासारखं ते जाड लागत होतं, की माझाच हात चालत नव्हता, कुणास ठाऊक. आता रिपोर्ट नसेल तर मी तो रकाना कोरा ठेवते. लोक कुरकुरतात. फोटोताई, तुमचं लईच झालंय हं, म्हणतात. म्हणू देत.

महिन्याभराने मी त्यांच्या घरी गेले. धाकटा मिरचीला घेऊन बाहेर गेला होता. मला वाटतं मुद्दामच. चष्मेवाली टेबलाशी बसून घरीच कुणाच्या तरी फ्रेमचा स्क्रू बसवत होती. मी माफी मागितली. चांगली पाठ करून गेले होते, तरी चारदा अडखळले. तिने स्क्रू पूर्ण बसवला, मग बोलली.

"कार्डाचं मी कधीतरी विसरेन, ताई. तुम्ही वाईट हेतूने केलं नाहीत. माणूस चुकतो. आमच्याकडेही चुकीच्या नंबरच्या काचा जातात." ती फ्रेम उजेडाला धरून बघत होती. "पण रविवारी त्याने तुम्हाला तोंडावर विचारलं होतं ना?"

"हो."

"तेव्हा ती जिवंत होती. दर थोड्या वेळाने हलायची. मला वाटायचं, आता हा येईल, त्याचा हात इथे ठेवेन. ती गुरुवारी गेली. त्या शुक्रवारपासून तिच्या वाट्याला मोजून सहा दिवस होते, आणि त्यातले दोन तुम्ही घेतलेत."

मी चपला घातल्या आणि घरी आले.

डॉक्टरने त्यांना सांगितलंय, की पुढच्या वेळी सुरुवातीपासून लक्ष ठेवता येईल, धाकट्याचं मूल माझ्यासारखं निगेटिव्हही निघू शकेल आणि मग काहीच धोका नाही. त्याबद्दल ते माझ्यासमोर बोलत नाहीत. धाकटा येतो. ताई म्हणतो, पाणी मागतो, बसतो. पूर्वी काही अडलं की आधी मला विचारायचा. आता विचारत नाही.

मिरची या वर्षी शाळेत गेली. शाळेने पालकांना मुलांचं ओळखपत्र करून आणायला सांगितलं होतं. एका दुपारी खिडकीशी चष्मेवाली उभी. सात महिन्यांत पहिल्यांदा. बाजूला मिरची, केस विंचरून, स्टूलवर बसायला अधीर. मी फोटो काढला. हस म्हटलं तर तिने दात दाखवले, कान तर दिसतच होते. मग चष्मेवालीने खिडकीतून फॉर्म आत सरकवला. स्वच्छ अक्षरात सगळं भरलेलं होतं. रक्तगटाच्या रकान्यात ए पॉझिटिव्ह, आणि मागे हॉस्पिटलचा रिपोर्ट टाचलेला.

मी रिपोर्ट वाचला, फॉर्म वाचला, टाइप केलं, पुन्हा वाचलं. मशीनमधून कार्ड बाहेर आलं, त्याला कुठेही फुगा नव्हता. गरम होतं म्हणून कडेने धरून मी तिला दिलं.

"बघितलंय मी," मी म्हटलं. "दोनदा."

"हो," ती म्हणाली. तिने कार्ड खिडकीच्या कठड्यावर ठेवलं, शेजारी रिपोर्ट उलगडला, एकेका अक्षरावर बोट ठेवत दोन्ही ताडून पाहिलं, आणि मगच पर्समध्ये टाकलं.